दोन फिट्सच्या मधली वेळ: एका क्लस्टरचं प्रकरण

या प्रकरणातली बाई ही कुणी एक खरी व्यक्ती नाही. लागोपाठ फिट्स, म्हणजे फिट्सचा क्लस्टर, येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून प्रकरण रचलं आहे. आजाराचे, औषधांचे आणि मेंदूचे तपशील मात्र खरे आहेत.

रुग्ण आणि तिची फाईल

वय ३४. हिशेब तपासनीस. घरी नवरा आणि आठ वर्षांची मुलगी; मोठी बहीण जवळच राहते. अपस्माराचं निदान एकोणिसाव्या वर्षी झालं. फिटची सुरुवात नेहमी एकसारखी असते. पोटातून काहीतरी वर चढत गेल्यासारखं वाटतं, नजर थिजते, ओठ चघळल्यासारखे हलू लागतात. डावा हात कपड्याशी चाळा करत राहतो आणि उजवा वाकडा होऊन ताठतो. मिनिट-दीड मिनिटात सगळं संपतं. कधीकधी मात्र तिथेच न थांबता पूर्ण शरीराला झटके येतात.

आधी कार्बामाझेपिन देऊन झालं, उपयोग झाला नाही. सध्या लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटाम चालू आहे, डोस नियमित घेतले जातात. फाईलमधल्या शेवटच्या काही नोंदी जवळपास सारख्याच आहेत: ‘महिन्याला ४-५ फिट्स, प्रकृती स्थिर, औषधं तीच चालू.’

आकडा बरोबर होता. पण दर आठवड्याला एक अशा चार फिट्स आणि एकाच दिवसात आलेल्या चार फिट्स यांची बेरीज सारखीच होते, आणि बेरजेपलीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. तक्रार घेऊन घरचे आले तीही फिट्सची नव्हती. नवरा म्हणाला, “फिट्सची आम्हाला सवय झालीय हो. त्यानंतरचे चार-पाच दिवस ही वेगळीच असते, त्याचं काय करायचं ते सांगा.” माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच आहे.

नोंदींत काय निघालं

नवरा फोनमध्ये तारखा टिपून ठेवत होता. त्याला तारखेसोबत वेळ, फिट किती सेकंद चालली आणि ती पूर्ण शुद्धीवर कधी आली, एवढं लिहायला सांगितलं. तीन महिन्यांत चित्र स्वच्छ झालं. पहिली फिट बहुधा पहाटे, झोपेतून उठताना. दुसरी तीन-चार तासांनी. मग दुपारपर्यंत तिसरी, आणि तिसरी किंवा चौथी पूर्ण शरीराची. साधारण अठरा तासांत सगळं आटोपायचं आणि मग तीन-साडेतीन आठवडे एकही फिट नाही.

क्लस्टर कशाला म्हणायचं यावर एकच एक व्याख्या चालत नाही. कुणी २४ तासांत तीन किंवा जास्त फिट्स धरतं, कुणी सहा तासांत दोन. घरच्यांसाठी त्याहून उपयोगी कसोटी म्हणजे त्या माणसाची नेहमीची रीत. एरवी महिनाभर शांत असणाऱ्याला एका सकाळी दोन फिट्स आल्या तर तो क्लस्टरच धरावा. दोन फिट्सच्या मध्ये माणूस भानावर येतो, हे इथे महत्त्वाचं. भानावर न येताच पुढची फिट सुरू झाली, किंवा पूर्ण शरीराचे झटके पाच मिनिटांनंतरही थांबले नाहीत, तर तो स्टेटस एपिलेप्टिकस. तिथे घरगुती उपायांचा विषय संपतो आणि रुग्णवाहिका बोलवायची असते. पाच मिनिटांची ही मर्यादा आंतरराष्ट्रीय अपस्मार संघाने २०१५ मध्ये नक्की केली. त्याच व्याख्येत तीस मिनिटांचा दुसरा टप्पा आहे; त्यापुढे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका धरला जातो.

तारखा पाळीच्या तारखांशेजारी ठेवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. बहुतेक क्लस्टर पाळीच्या आधीच्या तीन दिवसांपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच्या पट्ट्यात पडत होते. पाळीशी जोडलेल्या अशा अपस्माराची तीन रूपं हर्झॉग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये वेगळी काढून दाखवली. त्यातलं हे पहिलं आणि सर्वांत जास्त आढळणारं. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. त्यापासून शरीरात बनणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे रसायन मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा रिसेप्टरना (गाबा या रसायनाचा संदेश घेणाऱ्या पेशींवरच्या जागांना) बळ देत असतं, तेही सोबत उतरतं.

पण सगळं पाळीवर ढकलून मोकळं होऊ नये. अपस्माराच्या रुग्णांच्या डोक्यात बसवलेल्या उपकरणांतून वर्षानुवर्षं मिळालेल्या नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूतली फिट्सशी निगडित चुळबुळ कित्येक दिवसांच्या, पुष्कळदा वीस ते तीस दिवसांच्या, लयीत वरखाली होताना दिसली, आणि ती पुरुषांमध्येही दिसली. पाळीच्या तारखा अंदाज बांधायला मदत करतात, एवढंच.

इथे एक अनर्थ थोडक्यात टळला. ‘पाळी नियमित झाली की फिट्सही ताळ्यावर येतील’ या हिशेबाने तिला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या गेल्या होत्या. या गोळ्या लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणतात. म्हणजे क्लस्टर थांबवायला दिलेल्या गोळीने मूळ औषधाचीच ताकद काढून घेतली असती. बहिणीने गोळ्यांचं पाकीट घेऊन आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारलं, म्हणून ते निभावलं.

एक फिट आपोआप थांबते, मग कधीकधी रांग का लागते?

फिट आपोआप थांबते ती मेंदू स्वतः तिला आवर घालतो म्हणून. पेशी जोरात चालल्या की अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठतं आणि ते पेशींना शांत करतं. गाबाचा दाब वाढतो. थकलेल्या पेशी काही काळ उत्तर देत नाहीत. त्यामुळे एका फिटनंतर थोडा वेळ पुढची येणं अवघड असतं. क्लस्टरमध्ये हा आवर अपुरा पडतो.

त्यामागची यंत्रणा लांबलेल्या झटक्यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांतून बरीच उलगडली आहे. झटके चालू राहिले की पेशीच्या पृष्ठभागावरचे गाबा-ए रिसेप्टर आत ओढले जातात, आणि पेशीला उत्तेजित करणारे एनएमडीए रिसेप्टर उलट वर येतात. आवरणारी बाजू दुबळी, पेटवणारी बाजू सबळ. हे काही मिनिटांत सुरू होऊ शकतं. आता यात घरच्यांच्या कामाचा भाग. तातडीला वापरायची मिडाझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम ही औषधं याच गाबा-ए रिसेप्टरवर बसून काम करतात. उशीर जितका, तितक्या त्यांना बसायला जागा कमी. पहिल्या टप्प्यात लहान डोसने थांबणारी गोष्ट नंतर मोठ्या डोसलाही दाद देत नाही, ती यामुळे.

मग प्रत्येक फिटने मेंदूच्या पेशी मरतात का? हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, बहुधा रुग्णाला खोलीबाहेर पाठवून. लांबलेल्या स्टेटसमध्ये पेशी मरतात, आणि सर्वांत आधी फटका बसतो तो आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला. मिनिटभरात आपोआप थांबणाऱ्या एकेका फिटने तसा नाश होत नाही. पण याने पुरतं निर्धास्त व्हावं असंही नाही. ज्यांना क्लस्टर येतात त्यांच्यात स्टेटसकडे घसरण्याचं प्रमाण जास्त आढळतं, आणि औषधाला न जुमानणाऱ्या टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानशिलाकडच्या भागाच्या) अपस्मारात वर्षांमागून वर्षं गेली की स्मरणशक्ती सरासरीने घसरत जाते. शिवाय क्लस्टरनंतर लगेच एमआरआय केला तर हिप्पोकॅम्पसच्या भागात तात्पुरती सूज किंवा पांढरेपणा दिसू शकतो. गाठ, संसर्ग, पक्षाघात असे सगळे संशय घेऊन घर हादरतं. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली की पुष्कळदा ते गेलेलं असतं.

या बाईच्या एमआरआयमध्ये मात्र डावा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला होता आणि तो बदल कायमचा होता. त्याचा विषय शेवटी येईल.

नंतरचे दिवस

क्लस्टर संपल्यावर पहिला दिवस झोपेत जातो. हे सगळ्यांना कळतं, कारण ते दिसतं. दुसऱ्या दिवसापासून न दिसणारा भाग सुरू होतो.

तिचं बोलणं आधी बिघडतं. समोर पेन असतं, ते कशासाठी असतं हे तिला कळत असतं, पण ती म्हणते, “ते दे ना, ते... लिहायचं.” फिटनंतर हात-पाय काही काळ लुळा पडण्याचं वर्णन रॉबर्ट टॉड यांनी १८४९ मध्ये केलं, आणि त्याला आजही टॉडचं नाव आहे. भाषेचं केंद्र ज्या बाजूला आहे त्याच बाजूला फिट सुरू होत असेल, तर हाता-पायांऐवजी शब्द अडतात. एका फिटनंतर हे काही मिनिटांत निवळतं. क्लस्टरनंतर ते तासन्‌तास चालतं, एखाद्या वेळी दीड-दोन दिवसही.

कामावरच्या चुका फिटच्या दिवशी होत नाहीत. त्या दिवशी ती रजेवर असते. चुका होतात तिसऱ्या दिवशी, जेव्हा ती परत गेलेली असते आणि सगळे ‘बरी दिसतेस’ म्हणत असतात. एका तक्त्यात तिने ६८ च्या जागी ८६ लिहिलं आणि खालची बेरीज त्याच चुकीच्या आकड्याशी जुळवून ठेवली. चूक सापडल्यावर वरिष्ठांनी निष्काळजीपणा म्हणून नोंद केली. वास्तविक त्या दिवसांत ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, काढला तर डाव्या बाजूच्या लहरी अजून मंदच सापडण्याची शक्यता असते. चेहरा मेंदूच्या आधी पूर्ववत होतो, आणि लोक चेहरा बघून हिशेब करतात.

खांद्याची गोष्टही इथलीच. एका क्लस्टरनंतर उजवा हात वर जाईना. झटक्यांनी स्नायू दुखतातच, म्हणून आठवडाभर शेक आणि मलम चाललं. समोरून काढलेला एक्स-रेही ठीकठाक वाटला. शेवटी दुसऱ्या कोनातून एक्स-रे काढल्यावर कळलं की खांदा मागच्या बाजूला निखळला आहे. पूर्ण शरीराच्या झटक्यात होणारी ही इजा ओळखीची आहे आणि समोरच्या एक्स-रेत ती सहज निसटते. फिटनंतर दुखणारा खांदा बाहेरच्या बाजूला वळतच नसेल, तर दुसऱ्या कोनातला एक्स-रे आपणहून मागायला हरकत नाही.

तिसरी रात्र

या प्रकरणाला कलाटणी देणारा क्लस्टर नेहमीपेक्षा मोठा होता. सहा फिट्स, त्यातल्या दोन पूर्ण शरीराच्या. पहिला दिवस झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी ती इतकी ताजीतवानी होती की बहिणीला फोन करून तासभर गप्पा मारल्या. त्या रात्री ती झोपली नाही. कपाट आवरत बसली. तिसऱ्या दिवशीही डोळा लागला नाही, बोलण्याचा वेग मात्र वाढला. तिसऱ्या रात्री नवऱ्याला म्हणाली, “आवाज तुझाच आहे, पण तू तो नाहीस.” मुलीच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि फोनवरून कुणीतरी आपलं ऐकतंय म्हणून फोन बंद करून उशीखाली ठेवला.

घरात दोन मतं पडली. बहिणीला वाटलं, कामावरच्या नोंदीचा ताण बाहेर पडतोय. नवऱ्याने वाचलं होतं की लेव्हेटिरासेटामने चिडचिड आणि मानसिक त्रास होतो, तेव्हा सकाळचा डोस द्यायचाच नाही असं त्याने ठरवलं. दोन्ही अंदाज अगदीच अवाजवी नव्हते. लेव्हेटिरासेटामचा तो दुष्परिणाम खराच आहे. पण ती ते औषध वर्षानुवर्षं त्याच डोसमध्ये घेत होती, आणि क्लस्टरनंतर लगेच औषध एकदम बंद करणं म्हणजे पुढच्या क्लस्टरला आमंत्रण.

हा फिटनंतरचा सायकोसिस होता, म्हणजे वास्तवाचं भान सुटून भास आणि खोटे संशय येण्याची अवस्था. क्लस्टरनंतर, विशेषतः पूर्ण शरीराच्या फिट्स झालेल्या क्लस्टरनंतर, तो येतो. लॉग्सडेल आणि टून यांनी १९८८ मध्ये त्याचे निकष मांडले: माणूस फिटमधून नीट बाहेर आल्यासारखा वाटल्यापासून आठवड्याच्या आत सुरुवात, आणि एका दिवसापासून तीन महिन्यांपर्यंतचा कालावधी. घात होतो तो मधल्या चांगल्या काळामुळे. काही तास ते दोन-तीन दिवस माणूस एकदम बरा असतो, म्हणून नंतरच्या वागण्याचा संबंध कुणी फिटशी जोडतच नाही. बाहेरचं काही झालं म्हणतात, स्वभाव म्हणतात, भांडण झालं म्हणतात.

पहाटे तिला रुग्णालयात नेलं. तिथे आधी ईईजी झाला. झटके न दिसता आतल्या आत चालू असलेली फिट असेच गोंधळलेले वागणं घडवू शकते आणि तिचा उपचार वेगळा असतो. सोबत रक्तातलं सोडियम, साखर आणि संसर्गाच्या तपासण्या झाल्या. ईईजीत चालू फिट नव्हती. झोपेसाठी बेन्झोडायझेपिन, थोडे दिवस कमी मात्रेत सायकोसिसवरचं रिस्पेरिडोन, अपस्माराची औषधं आहेत तशीच, आणि चोवीस तास सोबत कुणीतरी. सोबतीचा हा मुद्दा ठळक सांगायला हवा. या अवस्थेत स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका खरा असतो, आणि तो अचानक उसळतो.

सहा दिवसांत ती पूर्ववत झाली. त्यातलं तिला अर्धवट आठवतं. मुलीला खोलीत कोंडून घेतलं होतं एवढं नेमकं आठवतं, आणि ते न आठवलं असतं तर बरं असं ती म्हणते.

आठवतं, मग आठवत नाही

तिची स्मरणशक्तीची चाचणी पूर्वी झाली होती आणि ‘सर्वसाधारण’ असा शेरा मिळाला होता. ती मात्र सांगत होती की मागच्या वर्षीची सहल फोटोत दिसते पण आठवत नाही. नवऱ्याला वाटायचं, ही मनावर घेत नाही.

चाचणी पुन्हा झाली, थोडी वाढवून. एक छोटी गोष्ट ऐकवली. अर्ध्या तासाने तिने ती जवळपास पूर्ण सांगितली, म्हणजे नेहमीच्या चाचणीत उत्तीर्णच. आठवड्याने तीच गोष्ट विचारली तर म्हणाली, “एका बाईची होती. कशाबद्दल ते गेलं.” बरोबरीच्या वयाच्या माणसाला आठवड्यानंतरही गोष्टीचा सांगाडा आठवतो. याला वेगवान विस्मरण म्हणता येईल. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात ते चांगलं ओळखीचं आहे, आणि नेहमीच्या चाचण्या अर्ध्या तासावर थांबतात म्हणून त्यांच्या हाती लागत नाही. आठवण घडते, पण पक्की व्हायच्या आत निसटते. त्या पक्क्या होण्याच्या काळात झोप आणि शांत हिप्पोकॅम्पस दोन्ही लागतात. क्लस्टर दोन्ही हिरावतो.

चाचणीने स्मरणशक्ती सुधारली नाही. पण घरातलं एक जुनं भांडण त्या दिवशी मिटलं. आता घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी त्याच रात्री दोन ओळींत लिहून ठेवल्या जातात आणि आठवड्याने पुन्हा वाचल्या जातात.

घर

यावर फार लिहिण्याची गरज नाही, क्लस्टर असलेल्या प्रत्येक घराला ते तोंडपाठ असतं. ठरावीक तारखा आल्या की आवाज खाली येतात. नवरा कानोसा घेत झोपतो. मुलीने ‘त्या’ आठवड्यात मैत्रिणींना घरी बोलवणं कुणी न सांगता बंद केलं होतं. बहीण प्रेमाने तिची एकेक कामं काढून घेत गेली, शेवटी तिला घरात पाहुण्यासारखं वाटू लागलं. फिटच्या बेताने आयुष्य आखायचं असतं हे मान्य, पण महिन्यातल्या पाच दिवसांसाठी उरलेले पंचवीस दिवस गहाण टाकणं मला पटत नाही. बाथरूमला आतून कडी न लावणं, बसून अंघोळ करणं, त्या पट्ट्यात उंचावरची कामं टाळणं, इतकं पुरतं.

एक गोष्ट मात्र त्यांना कुणीच स्पष्ट सांगितली नव्हती. अपस्मारात अचानक, बहुधा झोपेत, मृत्यू येऊ शकतो. दरवर्षी साधारण हजार प्रौढ रुग्णांमागे एक असं त्याचं प्रमाण अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत दिलं आहे. पूर्ण शरीराच्या फिट्स जितक्या जास्त, विशेषतः वर्षाला तीन किंवा अधिक, तितका धोका जास्त. रात्री खोलीत कुणी असेल तर तो कमी. हे सांगितलं की रुग्ण घाबरतो म्हणून पुष्कळ डॉक्टर सांगत नाहीत. इथे उलटं झालं. क्लस्टर लवकर तोडायचा कशासाठी, हे नवऱ्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

एका पानाची योजना

तातडीचं औषध घरात आधीही होतं. मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा. अमेरिकेत त्याला २०१९ मध्ये, क्लस्टरसाठीच, मान्यता मिळाली. त्याआधी १९९७ पासून गुदमार्गे द्यायचं डायझेपाम जेल होतं, आणि २०२० मध्ये डायझेपामचा नाकातला फवाराही आला. अडचण औषधाची नव्हती, ते कधी द्यायचं याची होती. नवरा ते चौथ्या फिटनंतर द्यायचा. का, तर ते दिलं की ती दिवसभर झोपते, सवय लागेल अशी भीती, आणि प्रत्येक वेळी ‘ही शेवटची असेल’ ही आशा. आशेवर औषधाची वेळ ठरत होती.

तज्ज्ञांनी तिच्यासाठी लिहून दिलेलं पान असं होतं. पहिली फिट: वेळ लिहा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, भानावर येईपर्यंत सोबत राहा. सहा तासांत दुसरी आली, किंवा पहिलीच पूर्ण शरीराची झाली, तर एका नाकपुडीत ५ मिलिग्रॅमचा फवारा. दहा मिनिटांत फरक नाही आणि श्वास नीट चालू आहे, तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. झटके पाच मिनिटांपुढे गेले, मध्ये भान आलं नाही, श्वास संथ झाला किंवा ओठ निळसर दिसले, तर लगेच रुग्णवाहिका. तीन दिवसांत एकाहून जास्त आणि महिन्यात पाचांहून जास्त क्लस्टरसाठी हे वापरायचं नाही. ओपिऑइड (अफूच्या वर्गातली) वेदनाशामकं किंवा दारू यांच्याबरोबर कधीच नाही, कारण श्वास मंदावतो. हे डोस आणि टप्पे तिच्यासाठी ठरवलेले आहेत. दुसऱ्या घराने आपलं पान आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं.

पानाच्या तळाशी एक ओळ वेगळ्या शाईत आहे, आणि मला ती फवाऱ्याइतकीच मोलाची वाटते: ‘क्लस्टरनंतरच्या सात दिवसांत एक पूर्ण रात्र झोप लागली नाही, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा.’ सायकोसिस बहुधा आधी झोप नेतो. तेव्हाच पकडला तर थोड्या औषधांवर भागू शकतं.

याशिवाय पाळीच्या तारखांच्या आसपास थोडे दिवस क्लोबाझाम सुरू झालं. रोज घेतलं तर या औषधाचा गुण पुष्कळदा ओसरतो, मोजके दिवस घेतल्यास तो टिकून राहतो. आणि कामावर क्लस्टरनंतरचे तीन दिवस घरून, आकडेमोड सोडून इतर काम, असं लेखी ठरलं. निष्काळजीपणाची जुनी नोंद मागे घेतली गेली नाही.

वर्षानंतर

क्लस्टर बंद झालेले नाहीत. पण बहुतेक महिन्यांत ते दोन फिट्सवर थांबतात आणि पूर्ण शरीराची फिट क्वचित येते. शब्द अडण्याचा काळ दिवसावरून दोन-तीन तासांवर आला. एका महिन्यात योजना फसली: तापाच्या दिवसांत क्लस्टर तारखेआधीच आला आणि फवारा तिच्या कामाच्या जागी खणात राहिला होता. आता दोन ठिकाणी दोन आहेत. एकदा झोप गेली, रात्रीच फोन झाला, तीन दिवसांच्या औषधांवर निभावलं. स्मरणशक्ती होती तिथेच आहे.

योग्य निवडलेली, नीट घेतलेली दोन औषधं अपयशी ठरली की अपस्मार औषधाला दाद न देणारा धरायचा, असं २०१० पासून मानलं जातं. ही बाई तिथे कधीच पोचली होती. ‘स्थिर’ या शेऱ्यामुळे पुढची पायरी वर्षानुवर्षं कुणी चढली नाही. टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेचा २००१ सालचा चाचणी-अभ्यास ८० रुग्णांचा होता. वर्षाअखेरीस शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के जणांना भान हरपणाऱ्या फिट्स उरल्या नव्हत्या, फक्त औषधांवरच्या गटात ८ टक्के जणांना. तिच्या बाबतीत अडसर बाजूचा आहे. दोष डावीकडे आहे, आणि डावा हिप्पोकॅम्पस काढला तर शब्दांची स्मृती आणखी खालावू शकते. ज्या बाईचं मुख्य दुःखच विसरणं आहे, तिला हा सौदा सोपा नाही. तिने अजून होकार दिलेला नाही, पण तपासणीला ती तयार झाली आहे.

त्या तपासणीत रुग्णालयात काही दिवस व्हिडिओ-ईईजी चालेल आणि फिट नोंदवता यावी म्हणून औषधं मुद्दाम उतरवली जातील. म्हणजे क्लस्टर तिथे जवळजवळ ठरवून आणला जाईल, आणि फिटनंतरचा सायकोसिस अशाच तपासणीच्या मागोमाग येण्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. म्हणून घरच्यांनी दोन गोष्टी आधीच ठरवून घेतल्या आहेत. औषधं पूर्ववत होईपर्यंत रात्रीची सोबत नवरा करेल. घरी आल्यावर आठवडाभर मुलगी मावशीकडे राहील. हे तिनेच सुचवलं.